पलटण परत जाते तेव्हा

अवी, तुझ्या घरात सगळे हळू बोलताहेत आणि मला त्याचा राग येतोय. तू असतास तर एव्हाना कुणाची तरी टर उडवली असतीस, शुभदाने डोळे वटारले असते आणि मैथिली "बाबा, इनफ ला" म्हणत तिच्या खोलीत निघून गेली असती. आता सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या या दहाव्या मजल्यावर चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवला जातो. काल तुझा तेरावा झाला. आलेल्यांनी वरण चांगलं झालंय हेही कुजबुजून सांगितलं.

माझ्या आधी जायचा तुला काही अधिकार नव्हता. थोरली मी, माझा नंबर आधी. आणि गेलास तोही कसा, तर कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या. कारखान्यांच्या त्या जुरोंग आयलंडच्या फाटकापाशी सगळ्यांनी आपापले पास काढले, तू काढला नाहीस. शेजारच्याला वाटलं, डोळा लागलाय. शुभदाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात मेथी निवडत होते. पुढचं मला धड आठवत नाही. विमानात शेजारच्या बाईने लिमलेटची गोळी दिली आणि ती मी उतरेपर्यंत मुठीत धरून ठेवली, एवढंच आठवतं. मी पोचले तेव्हा तू फुलांखाली होतास. कुणीतरी तुझा भांग उलट्या बाजूला पाडला होता. तो नीट करावा असं फार वाटलं, पण इतक्या लोकांसमोर हात पुढे झाला नाही.

पुढच्या रविवारी इथल्या महाराष्ट्र मंडळात तुझी शोकसभा आहे. ताई, तुम्ही दोन शब्द बोला, असं मंडळातले लोक मला सांगून गेले. मी नाही म्हटलं. कुठे जन्मला, काय शिकला, नोकरीच्या पासावर आलेला माणूस इथलाच कसा झाला, हे सगळं बाकीचे सांगतील. मला तुझ्याबद्दल बोलायचं नाही, तुझ्याशी बोलायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते काही चारचौघांत पुरं करता येणार नाही.

भांडण सुरू झालं न्यूझीलंडवरून, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. तुम्ही तिघं तिकडे फिरायला गेला होतात. लोक तिथून डोंगरांचे आणि मेंढ्यांचे फोटो पाठवतात. तू मला एका गावातल्या चर्चच्या आवारातून फोन केलास. इथे साहेबाच्या शिपायांच्या कबरी आहेत म्हणालास, कोवळी पोरं आहेत गं, आयर्लंडसारख्या ठिकाणाहून इथे मरायला कशाला आली असतील? मी म्हटलं, पगारासाठी, आणखी कशासाठी. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला मी, पण माझा इतिहास म्हणजे मराठे, सत्तावन्न आणि स्वातंत्र्य. न्यूझीलंड मला क्रिकेटपुरतं ठाऊक. तू परत आलास, इथल्या लायब्ररीतून पुस्तकं आणलीस आणि दर रविवारी फोनवर मला शिकवायला लागलास. लहानपणी मी तुझ्या पाठीत धपाटे घालून सनावळ्या पाठ करून घेतल्या होत्या, त्याचं उट्टं काढत होतास.

आणि ते दीडशे वर्षांपूर्वीचं प्रकरण होतंच तसं. विलायतेहून येऊन वसलेल्यांना शेतीसाठी जमीन हवी होती. जमीन तिथल्या मूळच्या माओरींची, आणि ते विकायला तयार नव्हते, निदान सगळे तरी नव्हते. त्यावरून ठिणगी पडली आणि वसाहतवाल्यांनी मायदेशाला हाक दिली, फौज पाठवा. फौज आली. काही पलटणी तर आपल्या हिंदुस्थानातून तिकडे हलवल्या होत्या, हे वाचून तू उडालाच होतास. पण लढाई लांबली तशी घरातल्या घरात धुसफूस सुरू झाली. वसाहतवाले म्हणत, फौज गोगलगायीच्या पावलांनी चालते, साहेबाला लढायचंच नाही. फौजेतले अधिकारी म्हणत, जमीन तुम्हाला हवी, मरायचं आमच्या पोरांनी, आणि वर हुकूम तुमचे? त्यांच्यातल्या काहींना तर समोरून लढणाऱ्या माओरींबद्दलच जास्त आदर वाटायला लागला. लंडनचं म्हणणं वेगळंच, राज्य तुम्ही चालवता ना, मग लढाईही तुम्हीच चालवा. शेवटी एकेक करत पलटणी माघारी नेल्या, तेव्हा गोळीबार पुरता थांबलाही नव्हता. वसाहतवाल्यांना वाटलं, संकटात आईनेच दार लावून घेतलं. काहींनी साम्राज्याशी नातं तोडायची भाषा केली.

तू वसाहतवाल्यांच्या बाजूचा, मी फौजेच्या. तुझे वसाहतवाले म्हणजे आयत्या बिळावर नागोबा, असं मी म्हणायची. तू म्हणायचास, घर सोडून इतक्या लांब गेलेल्या माणसाचं तुला कळायचं नाही ताई, अडचणीत त्याने घरच्यांना हाक मारायची नाही तर कुणाला? मी म्हणायची, मारावी की, पण आलेल्याला निदान पाणी विचारावं. त्या वेळी आपण न्यूझीलंडबद्दलच बोलत होतो असं मला अजूनही वाटतं. सुरुवातीला तरी.

तुझ्या हाकेला मी किती वेळा आले ते तुला माहीत आहे. मैथिलीच्या वेळी डिंकाचे लाडू, बाळंतकाढा आणि माझी उन्हाळ्याची सगळी सुट्टी घेऊन आले होते. बाळाला तेल लावण्यावरून शुभदाचं आणि माझं बिनसलं, आणि तू दोघींच्या मधे नुसता हसत उभा. एका संध्याकाळी तू मला समुद्रावर घेऊन गेलास, हॉकर सेंटरमध्ये माझ्यासाठी मासे नसलेलं काय काय मिळतं ते चार दुकानांत विचारत फिरलास, आणि समोर ताट ठेवून म्हणालास, "तू होतीस म्हणून निभावलं गं." ते तू एकदाच म्हणालास आणि मला तेवढं पुरलं. आपल्या घरात असलं बोलायची पद्धत नाही. मीही तुला काही म्हटलं नाही, नुसती जेवत राहिले. आता म्हणते. तू बोलावलंस याचा मला अभिमान होता. मी चिडचिड करत यायची, पण शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगून यायची.

आपल्या त्या रविवारच्या वादांतून तुझं नाटक निघालं, 'कुमक'. म्हणायला एकांकिका, पण तुझं काहीच एका अंकात मावत नसे. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी हलकंफुलकं बसवतात, सासूचं सिंगापूर दर्शन किंवा हरवलेला पासपोर्ट. तिथे तू छावणीतला इंग्रज सेनापती आणि एक वसाहतवाला शेतकरी यांची वादावादी करायला निघालास. कार्यकारिणीने कपाळाला हात लावला. तुझा दोस्त प्रसाद उंच आणि गोरा म्हणून तो वसाहतवाला झाला. साहेबाचं काम तू घेतलंस. प्रसादच्या मरीन परेडच्या कॉन्डोतल्या हॉलमध्ये तालमी, आणि कामावरून सुटून तू पश्चिमेकडून पार पूर्वेला जायचास. मैथिली प्रॉम्प्टर. तिला देवनागरी भरभर वाचता येत नाही, म्हणून शुभदाने आख्खं नाटक इंग्रजी अक्षरांत उतरवून दिलं.

साहेबाचा लाल कोट माझ्याकडून गेला. नाटकाच्या कपड्यांचा दुकानदार परदेशी भाड्याने द्यायला तयार नव्हता, म्हणून विकतच घेतला. त्याने कोटाबरोबर न विचारता चाबूक आणि चिकटवायच्या मिशा बांधून दिल्या. आपल्याकडे साहेब म्हटला की एवढं सामान आलंच. शाळेच्या गॅदरिंगात मीही वर्षानुवर्षं तोच साहेब उभा केला होता, तो आला की खेकसणार आणि पोरं त्याची हुर्यो उडवणार. मी चाबूक माझ्याकडे ठेवून घेतला आणि कोट भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्यांत गुंडाळून पाठवला. कितीतरी दिवस कोटाला मेतकुटाचा वास येतोय म्हणून तू माझ्या नावाने ओरडत होतास.

मला त्या नाटकात एकच गोष्ट खटकली होती आणि ती मी तेव्हाच सांगितली. तू फोनवर सगळं वाचून दाखवलंस, आवाज बदलून बदलून. मी विचारलं, "सगळं ठीक आहे, पण ज्यांची जमीन आहे ते कुठे आहेत तुझ्या नाटकात?" तू म्हणालास, पुण्यामुंबईच्या इंजिनियरांच्या चेहऱ्यावर रेघा ओढून त्यांना माओरी करू का, ते बरं दिसेल का? मी म्हटलं, बरं नाही दिसणार, पण दोन चोर वाटणीवरून भांडताहेत आणि घरमालकाचा पत्ता नाही, अशातली ही गत. प्रत्येक नाटकात सगळं येत नसतं, तू म्हणालास. मग नाटक खोटं आहे, मी म्हटलं. तू फोन ठेवलास. पुढच्या रविवारी आपण दोघांनीही तो विषय काढला नाही.

आणि मग आई पडली. मोरीत घसरली, खुबा मोडला, आणि ऑपरेशननंतर ती पूर्वीची आई राहिलीच नाही. नाटक तू बाजूला ठेवलंस. तू रोज फोन करायचास, हे मी नाकारत नाही. पण फोनवरून हुकूम यायचे. कामाची बाई बदल, दुसऱ्या डॉक्टरला दाखव, तिला बसवून ठेवू नकोस, चालव. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. तिला धरून चालवणारी मी, तिच्या शिव्या खाणारी मी, ती रडली की मागे उभी राहून रडणारीही मीच. एक दिवस मलाच ताप भरला होता. आई पलंगावरून उठायला तयार नव्हती. त्यात तुझा फोन आला, आज व्यायाम झाला का? मी म्हटलं, बास आता अवी, तिला तू तिकडे ने, माझी पलटण मी मागे घेतेय.

तो शब्द मी वापरला, तू नाहीस. पण तू हसलाही नाहीस.

तू आलास आणि आईला घेऊन गेलास. मी आता जिथे झोपते त्याच खोलीत ती होती. खिडकीतून बांबूवर वाळत घातलेले कपडे दिसतात, ते बघून म्हणे ती रोज विचारायची, पडले खाली तर आणायला कोण जाणार? संध्याकाळी शुभदा तिला खाली नेऊन बसवायची. तिथे बिल्डिंगमधल्या चिनी आज्या यायच्या. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण केळं मोडून अर्धं अर्धं खायच्या. मग शुभदाची सुट्टी संपली, तुमच्या कारखान्याचं दुरुस्तीचं मोठं काम निघालं, आईने जेवण टाकलं. तुझा फोन आला की तिला तिथेच बरं वाटेल गं, आणि मी तिला न्यायला आले.

चांगी विमानतळावर चेक-इनच्या रांगेत आपण दोघं तिच्या डोक्यावरून बोलत होतो. औषधं कुठल्या पिशवीत आहेत, उतरल्यावर कुणाला बोलवायचं, आणि बोलता बोलता कुणी किती केलं तेही निघालंच. आई चाकाच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "अरे, मला कुणी विचारलंत का?" तेवढ्यात रांग पुढे सरकली. तुला कामावरून फोन आला, तू तो कानाला लावून बाजूला गेलास. आत जायच्या दारापाशी मी मागे वळून पाहिलं तर तू नव्हतास. आईनेही पाहिलं.

त्या थंडीत आई गेली. तू आलास, सगळं यथासांग केलंस, परत गेलास. आपण एकमेकांना दोष दिला नाही, तेवढं सौजन्य दोघांकडे होतं. त्याऐवजी हवापाण्याचं बोलायला लागलो. तुझ्याकडे पाऊस, माझ्याकडे ऊन.

मी आईला तुझ्याकडे धाडलं, याबद्दल तुझ्या मनात माझ्यावर राग होता का? मला हे विचारायचं होतं. अजूनही तेच विचारायचंय. मी चुकले असं मी म्हणणार नाही, माणूस दमतं. पण तुझ्या मनात काय होतं ते मला हवं होतं. एरवी तुझ्या तोंडाचा पट्टा थांबत नसे आणि नेमका या एका गोष्टीवर तू मूग गिळून बसलास.

पुढच्या गणपतीत तू 'कुमक' केलंस. मला सांगितलंही नाहीस. आपला मामेभाऊ विजय कामासाठी सिंगापुरात होता, त्याने पुण्यात आल्यावर रंगवून रंगवून सांगितलं. अवीने साहेब काय केलाय ताई, हुबेहूब तू! बोलता बोलता चष्मा काढतो, तू पदराला पुसतेस तसा कोटाच्या टोकाला पुसतो आणि मग समोरच्याला झापतो. लोकांनी काय हुर्यो उडवली! शेवटी साहेब पलटण घेऊन निघून जातो, वसाहतवाला पाठमोरा उभा राहून त्याला शिव्याशाप देतो आणि पडदा. विजयला वाटलं, मला गंमत वाटेल.

मला उत्तर मिळालं असं मी धरून चालले. तू मला लाल कोट घालून उभं केलंस आणि भर सभेत माझी हुर्यो उडवून घेतलीस. त्या रविवारी मी फोन उचलला नाही. नंतर उचलत राहिले, पण तू नाटकाचा 'ना' उच्चारलास की मला दूध उतू चाललेलं आठवायचं. या वर्षात माझ्याकडे इतकं दूध उतू गेलं की गवळी श्रीमंत व्हावा. तू तीन-चारदा तरी प्रयत्न केलास. मी ऐकून घेतलं नाही. मला वाटलं, तू आता सारवासारव करणार.

काल जेवणं आटोपली, माणसं पांगली, प्रसाद तेवढा थांबला. मी त्याला कोपऱ्यात गाठलं. दुःख झालं म्हणून स्वभाव जात नाही. म्हटलं, अवीने माझी नक्कल केली आणि लोक मला हसले असं मी ऐकलंय, खरं का? तो बिचारा पाण्याचा ग्लास हातात धरून उभाच राहिला. मग खाली बसला आणि म्हणाला, "ताई, त्या दिवशी सगळंच उलटं झालं. लाल कोट दिसला आणि लोकांनी ठरवून टाकलं की हा खलनायक. अवी बोलत होता ते कुणी ऐकलंच नाही. जमिनीचा हावरट मी, आणि टाळ्या मला."

मग त्याने पुढचंही सांगितलं. प्रयोगानंतर तू मेकअपच्या खोलीत कोट न काढता बसून राहिलास. सगळे फोटो काढायला बोलावत होते, तू उठेनास. प्रसाद जवळ आला तेव्हा त्याला म्हणालास, "ताई बरोबर बोलत होती रे तिथे. आणि लोक तिलाच हसले."

अवी, हे तू मला का नाही सांगितलंस? आणि मी ते का ऐकून घेतलं नाही?

यंदाच्या गणपतीत तुम्ही ते पुन्हा करणार होतात, हे मला कालच कळलं. कोट तू टाकून दिलास, साध्या बुशशर्टातला साहेब करायचं ठरवलंस. आणि नाटक इतकं बदललंस की प्रसाद वैतागला होता. चांगली वाक्यं सगळी साहेबाला, आणि त्याला म्हणे नुसतं 'अहो पण' आणि 'पण अहो'. हे सांगताना तो हसायला गेला आणि मधेच त्याचा चेहरा वाकडा झाला.

मैथिली दारात उभी राहून ऐकत होती. तेरा दिवसांत ती माझ्यासमोर रडली नव्हती, धड बोललीही नव्हती. ती म्हणाली, "आत्या, तुला लास्ट सीन ऐकायचाय? आय नो द होल थिंग." शुभदा हात पुसत स्वयंपाकघरातून आली आणि भिंतीला टेकून बसली. प्रसाद उठून उभा राहिला. मैथिली त्याच्यासमोर. तिच्या हातात कागद नव्हता. महिनोन्महिने तिने तुझी वाक्यं तुला पुरवली होती, ती सगळी तिच्या तोंडात होती, इथल्या शाळेच्या हेलात, 'ळ'चा 'ल' करत.

प्रसाद म्हणाला, "तुम्ही निघालात? आमच्या हाकेला आलात आणि लढाई अर्धी टाकून निघालात?"

तुझी लेक म्हणाली, "हाक मारलीत, आलो. दमलो, म्हणून चाललो. दमणं हा काही गुन्हा नाही."

अवी, मी उभी होते, ती खाली बसले.

प्रसाद पुढचं काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मग मैथिली पुन्हा बोलली. बोलता बोलता ती थांबली, नाकावरचा चष्मा काढला, टी-शर्टच्या टोकाला पुसला आणि परत घातला. नाटकात तसं होतं म्हणून तिने ते केलं, ते कुणाचं आहे याची तिला कल्पनाही नसावी. त्यात कुणाला हसण्यासारखं काहीच नव्हतं. ती म्हणाली, "तुम्हाला जमीन हवी होती, मला शाबासकी. आपण दोघं भांडत राहिलो. पण ज्यांचं घर होतं, त्यांना आपल्यापैकी कुणी विचारलं का?"

हे वाक्य तू साहेबाला दिलंस. ते माझं होतं, फोनवर तुझ्याशी भांडताना म्हटलेलं, ज्यावरून तू फोन आपटलास. आणि ते चांगीवरच्या आईचंही होतं. दोन्ही एकच आहेत हे इतकी वर्षं इतिहास शिकवून मला दिसलं नाही आणि तुला दिसलं. मला फार रडू आलं. शुभदा उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली. बाळाच्या तेलाचं भांडण झाल्यापासून आम्ही दोघी एकमेकींशी जपून वागतो, पण काल तिने माझं डोकं सरळ स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, मग पुढे काय होतं? प्रसाद म्हणाला, पुढे काही नाही, शेवट झालेलाच नाही. साहेब पलटण घेऊन बंदराकडे जातो. वसाहतवाला त्याला निरोप द्यायला जातो की नाही, तिथे तुमचं घोडं अडलं होतं. इतकं तोडून बोलल्यावर माणूस जाणार नाही, असं प्रसादचं मत. तू ना हो म्हणायचास ना नाही. "ताईला विचारतो म्हणायचा," प्रसाद म्हणाला. "दर तालमीला आम्ही विचारायचो, विचारलंस का? सध्या ती फोनवर घाईत असते, म्हणायचा. पण तिलाच विचारायला हवं, दुसऱ्या कुणाला नाही."

म्हणजे तू त्यासाठी नाटकाचा विषय काढत होतास. सारवासारव नव्हतीच ती. एवढा मोठा माणूस तू, मोठमोठ्या टाक्या आणि नळ्या सांभाळणारा, आणि एक ओळ पुढे सरकत नव्हती म्हणून तीन-चारदा माझ्या दारात येऊन परत गेलास.

आता ते नाटक करणार आहेत. तुझ्या जागी मैथिली उभी राहील म्हणते, बुशशर्ट घालून. मुलीने साहेब केला तर चालेल का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, चालेल, साहेब मुळात बाईच होती. ती पहिल्यांदा हसली. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाली, "सो आत्या, तो जातो का? वी नीड टु नो."

तिघंही माझ्याकडे बघत होते. मला चांगीचं ते दार दिसत होतं. तू त्या फोनवर खरंच कामाचं बोलत होतास, की आमच्याकडे बघवेना म्हणून बाजूला गेलास, हे मला आता कधीच कळणार नाही. मला एवढंच कळत होतं की मी स्वतः विमानातून उतरून धावत आले होते आणि तुझा भांगसुद्धा नीट करू शकले नव्हते.

मी म्हटलं, "जातो. त्याला उशीर होतो. तो पोचतो तेव्हा जहाज सुटलेलं असतं. पण जातो तो."

मैथिलीने विचारलं, मग तिथे तो काय बोलतो? मी म्हटलं, काही नाही, नुसता उभा राहतो. प्रसादने मान हलवली. ती दोघं लगेच, शेवटी तो कुठल्या बाजूने येईल, किती वेळ उभा राहील, यावर बोलायला लागली. त्यांचे आवाज जरा वर चढले आणि मला बरं वाटलं.

जन्मभर तुझ्या उत्तरांवर बरोबर आणि चूक मी केलं, अवी. हे उत्तर माझं आहे आणि तपासायला तू नाहीस. बरोबर सांगितलं ना रे मी?